माळावरच्या धाकट्या राशी

३ नोव्हेंबर, रविवार
आजपासून संशोधन. माळावर दगडांच्या अकरा मोठ्या राशी आहेत. प्रत्येकीखाली तीन हजार वर्षांपूर्वीचं कुणीतरी पुरलेलं. पुरातत्त्व खात्याने त्या नुसत्या मोजल्यात, अभ्यास मी करणार. चौतीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांच्या सह्यांखाली शिक्के मारले. आता माळावर नवा माहितीफलक लागणार आहे, त्यावर माझं नाव हवं. हवं म्हणजे हवंच.
संकल्प : चढ न थांबता चढणे. (चार वेळा थांबलो. निरीक्षणासाठी.)
ही सोबत होती. वारा फार, म्हणून थर्मास घेऊन राशीच्या आडोशाला बसली. दोन राशी मोजल्या.

१० नोव्हेंबर, रविवार
आणखी तीन. टेप वाऱ्याने उडाली, पावलांनी मोजलं. पावलं जास्त विश्वासार्ह. ही आडोशाला दगडांशी खुडबुड करत होती. हिला रिकामं बसवतच नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार, दुपारी १२.१०
शोध! पहिल्या राशीच्या आडोशाला एक धाकटी रास. गुडघ्याएवढी, माथा सपाट. दुसरीलाही तशीच. पाचही राशींना! आई आणि मूल, दुसरं काय? तीन हजार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. डोळे भरून आले. हिला दाखवलं. ही म्हणाली, अहो, ते तर... म्हटलं, अशा वेळी बोलू नये.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
खात्याला पत्र. सोळा पानं. ही म्हणाली, पाठवण्याआधी एकदा माझं ऐका. म्हटलं, शुद्धलेखन तपासलंय.

२४ नोव्हेंबर, रविवार
उरलेल्या सहांना सकाळी धाकटी रास नव्हती. हिरमोड. संध्याकाळी निघताना एकीजवळ सापडली! सकाळी नजरेतून सुटली असणार.

३० नोव्हेंबर, शनिवार
खात्याच्या अधिकारी बाई उद्या येणार. कोटाला इस्त्री केली. ही सारखी हसतेय. नवऱ्याचा अभिमान लपत नाही.

१ डिसेंबर, रविवार
बाई आमच्या मुलीच्या वयाच्या. मी सातव्या राशीपाशी भाषण सुरू केलं. विसाव्या मिनिटाला लक्षात आलं, बाई हिच्याकडे बघतायत. हिने खाली मोठे, वर चपटे दगड लावून गुडघ्याएवढी रास रचली, माथ्यावर थर्मास ठेवला आणि आम्हाला चहाला बोलावलं.
मग ही बाईंना म्हणाली, थर्मास कलंडतो हो, म्हणून करते. किती रविवार सांगतेय, पण यांची मोजणी चालू असते.
लाज वाटली. खरंच वाटली. तीन कप चहा घेतला.

१० डिसेंबर, मंगळवार
खात्याचं पत्र. हिच्या नावाने! चौथी रास एका बाजूने ढासळतेय आणि सिमेंटशिवाय दगड बसवणारा हात खात्याला मिळत नव्हता. काम हिच्याकडे. फलकावर नावही हिचं.
जेवलो नाही. मग सुचलं : हिचं पूर्ण नाव लिहिलं की मधे मीच! जेवलो.

२९ डिसेंबर, रविवार
दुरुस्ती पूर्ण. फटीत भरायच्या चिपा मी निवडल्या. हिने त्यातल्या बऱ्याच परत टाकल्या, पण सगळ्या नाही.
फलक लागला. जागा कमी पडली म्हणे. हिचं नाव आहे, आडनाव आहे. मधे एक अक्षर आणि टिंब.
अक्षर माझं आहे. दोनदा जवळ जाऊन पाहिलं.