पूर्वेची हिरवी खोली

प्रिय टिकटिक,

अक्षर वाकडंतिकडं दिसेल, सांभाळून घे. उजव्या खांद्याचं हाड मोडलंय, हात गळ्यात बांधलाय, म्हणून डाव्या हाताने लिहितेय. सध्या मी माझ्या मोठ्या बहिणीकडे आहे. ती दर तासाला दारातून डोकावून विचारते, "झालं का लिहून?" आणि मी दर तासाला एक कागद फाडते. हा पाचवा. फोन केला असता, पण मी मला ओळखते. तू उचलला असतास तरी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला असता. तुला घड्याळं दुरुस्त करताना बघून मी हे टिकटिक नाव ठेवलं होतं. आता त्या नावाने हाक मारायचा हक्क उरलाय की नाही, माहीत नाही. दुसरं नाव लिहायला मात्र हात वळेना.

हिरव्या रंगापासून सुरू करते. त्या दातांच्या डॉक्टरीणबाई तुला आठवत असतील. दवाखान्याच्या पडद्यांची मापं घ्यायला मी गेले, तेव्हा त्यांनी फेंगशुई बघणारे एक गृहस्थ बोलावले होते. ते होकायंत्र घेऊन पुढे आणि मी टेप घेऊन मागे, अशी आमची वरात खोल्याखोल्यांतून फिरली. ते म्हणाले, पूर्वेची बाजू घरच्या माणसांची आणि तब्येतीची. तिचं तत्त्व लाकूड, म्हणून तिला हिरवा रंग द्यायचा, जिवंत झाडं ठेवायची, मग माणसं एकमेकांशी गोडीने राहतात. धातू तिथे नको, धातू लाकडाला कापतो. मी हळूच विचारलं, "आणि घरात कुणी तापट असेल तर?" ते म्हणाले, "मग हिरवा जरा बेतानेच वापरा. राग म्हणजे आग, आणि लाकूड आगीला खायला घालतं." मी आपलं सोयीचं तेवढं ऐकलं आणि उरलेलं तिथेच सोडून आले.

त्याच आठवड्यात माझ्या लेकाने तुझ्या अंगावर ताट भिरकावलं होतं, भात गार झाला म्हणून. ताटाची कड भुवईला लागली आणि रक्त डोळ्यात उतरलं. मी आधी फरशी पुसली. मग तुझ्या भुवईवर कापूस धरला आणि म्हणाले, "दिवसभर शिकाऊ लोकांना गाडी शिकवतो गं, डोकं पिकतं त्याचं." त्याचे वडील मुंगी मरेल म्हणून पाय जपून टाकणारे होते, त्यामुळे बापावर गेला असं म्हणायचीही सोय नाही. तो बारा वर्षांचा असताना शेजारणीचं मांजर त्याने तिसऱ्या मजल्यावरून खाली फेकलं होतं. शेजारणीला मी सांगितलं, कठड्यावरून घसरलं. त्याच्यासाठी खोटं बोलायचा माझा सराव इतका जुना आहे.

तर आपण पूर्वेची खोली रंगवली. कोवळ्या पानासारखा हिरवा, तूच निवडला होतास. काटेरी झाडं नकोत, गोल जाड पानांची आणली, वाळकं पान दिसलं की मी लगेच खुडायचे. रोलर फिरवताना तू म्हणालीस, "आई, आता एक बेडूक तेवढा आणायचा राहिला," आणि आपण दोघी रंगाचे हात घेऊन हसत बसलो. तो आला, खोली बघून म्हणाला, "छान झालीय." पुढचे दहा दिवस घरात कुणाचा आवाज चढला नाही. अकराव्या दिवशी तुला दुकानातून यायला उशीर झाला. कुठल्याशा शाळेचं मोठं घड्याळ बंद पडलं होतं आणि तू शिडीवर चढून ते चालू करून आली होतीस. तू ड्रॉवरमधून चमचा काढत होतीस, त्याने पायाने ड्रॉवर ढकलला आणि पाय तसाच दाबून धरला. तुझ्या डाव्या हाताची दोन बोटं आत होती. हाड मोडल्याचा आवाज मला शिवणयंत्राच्या आवाजातूनही ऐकू आला. मी यंत्र थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते तुला आठवत असेलच. तुझं कामाचं टेबल पूर्वेच्या खोलीतून उचललं आणि स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या बोळकांडीत नेऊन ठेवलं. तुझे चिमटे, तुझे पेचकस, ती चाकांची डबी, सगळा धातू. तुला म्हणाले, "हिरव्याचा गुण यायचा तर हे इथून हलायला हवं." तुझी बोटं कुणी मोडली हे मला ठाऊक होतं, आणि दोष मी तुझ्या चिमट्यांना दिला. बोटांना पट्टी बांधून तू त्या बोळकांडीत दिव्याखाली भिंग लावून बसायचीस. एकदाही तक्रार केली नाहीस. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, तुझ्या भांडण्याची वाट बघणारी मी कोण?

मग तो रविवार, भर दुपारचा. त्या दिवशी काम फार बारीक होतं, केसाएवढी स्प्रिंग बसवायची होती. बोळकांडीतला दिवा पुरेना म्हणून तू ट्रे घेऊन पूर्वेच्या खिडकीशी बसलीस. तो जेवून उठला आणि त्याने ट्रे पाहिला. "आईने सांगितलंय ना इथे लोखंड आणायचं नाही म्हणून?" माझं नाव घेऊन त्याने ट्रे उडवला. सगळे भाग फरशीवर विखुरले. तू गुडघ्यांवर बसून ते वेचायला लागलीस, "दुसऱ्याचं घड्याळ आहे हो" म्हणत, आणि त्याने तुझ्या बरगडीत लाथ घातली. मग पाठीत. मग तुझं डोकं केसांनी उचलून त्या हिरव्या भिंतीवर आपटलं, दोनदा. तू कशीबशी सुटलीस आणि बाहेरच्या दाराकडे पळालीस. दार उघडलं नाही. तो मागून आला आणि त्याने तुझं तोंड दाराच्या चौकटीवर आदळलं. तेव्हा तू "आई!" म्हणून ओरडलीस. दुखलं की माणूस आई म्हणतोच. पण मलाही तू आईच म्हणायचीस. तू कळ आली म्हणून ओरडलीस की मला बोलावलंस, हे मी अजून स्वतःला विचारते.

इस्पितळात तुझा जबडा तारांनी बांधला होता, तुला बोलता येत नव्हतं, म्हणून तुझ्या वतीने मी बोलले. डॉक्टरांना सांगितलं आणि मग पोलिसांनाही सांगितलं की पूर्वेच्या खोलीत हिरवा पडदा लावताना सून स्टुलावरून पडली. मी इतकी वर्षं पडदे शिवतेय, कोण शंका घेणार? खाटेवरून तू माझ्याकडे बघत होतीस. बोलता यायला लागल्यावर तू तुझ्या मैत्रिणीला घेऊन पोलिसांकडे गेलीस आणि खरं ते लिहून दिलंस. घरात तो म्हणाला, "बघ, कशी उलटली." मी मान डोलावली.

तू गेल्यावर त्या खोलीत मी खरंच हिरवा पडदा शिवून लावला. सांगितलेलं खोटं निदान दिसायला तरी खरं असावं म्हणून. चुण्या इतक्या नीट घातल्या की बघत राहावं.

आता गेल्या महिन्याचं सांगते. खटला चालू असतानाच त्याने दुसरी मुलगी बघितली. तिला सांगितलं की पहिली वेडसर होती, निघून गेली. ती मावशीला घेऊन घर बघायला आली. केक बनवण्याचं काम करते, हातावर भट्टीचे चटके आहेत, हसरी आहे. पूर्वेच्या खोलीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "किती शांत वाटतं हो इथे! मलाही हाच रंग आवडतो." तिचा हात भिंतीवर होता. तू गेल्यावर मी दोनदा रंग देऊनही जिथे जरा गडद दिसतं, बरोबर त्या जागी. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हात काढ गं तिथून. माझ्या सुनेचं डोकं याने तिथे फोडलंय. पडली, असं मी पोलिसांना सांगितलं, ते खोटं आहे. तू इथे येऊ नकोस." मावशीने तिचं मनगट धरलं आणि दोघी चपला हातात घेऊनच निघाल्या.

त्याने त्यांना हसत हसत जिन्यापर्यंत पोहोचवलं. "आईचं वय झालंय, मनावर घेऊ नका" असं म्हणत होता. मग परत आला, खिडक्या लावल्या, मनगटातलं घड्याळ काढून शेल्फवर नीट ठेवलं. टिकटिक, एवढी वर्षं मी हे दाराआडून ऐकलं होतं, समोरून कधी पाहिलं नव्हतं. त्याला राग आलेला नसतो गं. चेहरा अगदी निवांत असतो. मी ज्याला आग समजून झाडं लावत होते, तसं काही नव्हतंच तिथे. त्याने कापड मोजायचा माझा लोखंडी गज उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला आणि हात लुळा पडला. दुसरा पाठीवर, तिसरा कानावर, त्या कानाने अजून नीट ऐकू येत नाही. कुंड्या फोडल्या, पडदा दांडीसकट ओढून काढला आणि माझ्या गळ्याभोवती गुंडाळला. माझंच शिवलेलं कापड, जाड अस्तराचं, फाटणारं नव्हतं. डोळ्यांपुढे काळोख यायला लागला तेव्हा डावा हात टेबलावर चाचपडला आणि मोठी कात्री लागली. मी ती त्याच्या मांडीत खुपसली. मुठीपर्यंत. बाहेर काढून पुन्हा खुपसली. तो कोसळला, फरशीवर रक्त पसरलं, आणि मला त्याची दया आली नाही. हे पण लिहून ठेवते, म्हणजे माझ्याबद्दल तुझा काही गोड गैरसमज व्हायला नको.

जिन्यातले लोक धावत आले. तो वाचला, लंगडतोय, कोठडीत आहे. पोलिसांतल्या एका बाईंनी माझा नवा जबाब घेतला. ताट, ड्रॉवर, भिंत, चौकट, सगळं सांगितलं, स्टुलाची गोष्ट खोटी हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, "इतके दिवस का गप्प होता?" मी म्हणाले, "खोली हिरवी करत होते." त्यांनी ते लिहून घेतलं नाही. खोट्या जबाबाबद्दल माझ्यावर वेगळा गुन्हा लागेल म्हणतात. लागू दे. बहीण म्हणते, "आता तरी शांत झोप." पण एक गोष्ट मी त्या बाईंनाही सांगितली नाही.

ती आता तुला सांगते. तू तुझ्या तक्रारीत लिहिलंयस की पळून जाता येऊ नये म्हणून नवऱ्याने दाराची वरची कडी आधीच लावून ठेवली होती. तो पहिल्या दिवसापासून म्हणतोय, "मी कडी लावली नाही." त्याच्या बोलण्यात तेवढंच एक खरं आहे. जेवून उठल्यापासून तो पूर्वेच्या खोलीत होता, समोरच्या गच्चीवरच्या माणसाने त्याला तिथे पाहिलंय, आणि त्याच्या वकिलाने तोच धागा पकडलाय. कडी खोटी, म्हणजे बाई खोटी, म्हणजे सगळंच खोटं. कडी मी लावली, टिकटिक. तुझं डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज आला तेव्हा मी बाहेरच्या दाराशी होते. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली, आणि कुणी आत येऊन बघू नये म्हणून मी टाचा उंचावून वरची कडी सरकवली. मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तू दाराशी आलीस, खालचा खटका उघडलास, दार ओढलंस, पुन्हा ओढलंस. मी चार पावलांवर होते. मंगळवारी कोर्टात मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू समोरच्या बाकावर असशील, आणि तुला ते तिथे, परक्या माणसांच्या देखत, पहिल्यांदा कळू नये म्हणून हे पत्र. तुझ्या वकिलांना दाखव, खाली सही करते आहे. माझ्याशी बोलू नकोस, बघूही नकोस, चालेल मला. फक्त मी बोलत असताना उठून जाऊ नकोस, शेवटपर्यंत ऐक.

तुझीच,
सासू