एक्स्चेंज बंद करून दाखवतो

३ मार्च, सोमवार
आमच्या टेलिफोन कंपनीच्या डोक्यात इंटरनेटवरून फोन चालवायचं खूळ शिरलंय. कुठला स्विच, म्हणजे फोन जोडणारं यंत्र, घ्यायचा हे ठरवायला मोठ्या साहेबांनी समिती नेमली. अध्यक्ष मी. सभासद एकच, माझा ज्युनिअर. त्याला मी 'लॅपटॉप' म्हणतो, कारण ते यंत्र त्याच्या मांडीवरून उतरतच नाही. पर्याय दोन. माझं जुनं एक्स्चेंज ठेवून त्याला इंटरनेटची जोड द्यायची, नाहीतर ते मोडीत काढून सॉफ्टस्विच नावाचा डबा आणायचा. डबा आला की एक्स्चेंजचा माझा हॉल गेला. हॉल गेला की मी कशाचा प्रमुख? तेव्हा निर्णय अगदी निःपक्षपातीपणे घ्यायचा. जुनंच ठेवायचं.

६ मार्च, गुरुवार
डबा बघितला. सौ.च्या शिलाई मशीनएवढा. हा म्हणे अख्ख्या शहराचे फोन जोडणार! लॅपटॉपने समजावलं की यात आवाजाचे तुकडे करून पाठवतात आणि पलीकडे पुन्हा जोडतात. म्हटलं, अरे, जोडायचंच होतं तर चिरलं कशाला? त्याने पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. माझ्यासमोर भलेभले हात टेकतात.

१४ मार्च
लॅपटॉप म्हणतो, चाचणी घेऊ. थोडे थोडे ग्राहक डब्यावर न्यायचे आणि तक्रारी किती येतात ते बघायचं. मी उदार मनाने परवानगी दिली. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हौस असेल तर मी कोण अडवणार?

२४ मार्च
अहवालाच्या गडबडीत. शीर्षक झालं. लॅपटॉप रोज दारात उभा. आणखी ग्राहक हलवू का सर? हलव म्हणतो. जितके जास्त हलवेल तितका जोरात आपटेल.

२ एप्रिल
माझ्या एक्स्चेंजवर आठवडाभरात एक तक्रार नाही! पूर्वी यंत्र तापायचं, आता हॉलमध्ये स्वेटर घालून बसावं लागतं. देखभाल म्हणतात ती ही. जेवताना सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, पण ते चालू आहे ना? बायकांशी तंत्रज्ञानावर बोलू नये. अहवालाचं पहिलं पान उद्या नक्की.

९ एप्रिल, बुधवार
अहवाल रद्द. साहेबांना वाचायला वेळ कुठे असतो? त्यापेक्षा प्रात्यक्षिक. उद्या त्यांच्या देखत माझं एक्स्चेंज पाच मिनिटं बंद करणार. शहरभर बोंब उठली की साहेबच हात जोडतील, चालू करा हो! लॅपटॉपला सांगितलं तर म्हणाला, सर, नका करू. पुढे काहीतरी सांगायला लागला, मी ऐकून घेतलं नाही. हरणारा माणूस असाच चाचरतो.

१० एप्रिल, दुपारी
बंद केलं. दिवे विझले, पंखे थांबले. मी तक्रारीच्या फोनकडे बघत बसलो, साहेब घड्याळाकडे. पाच मिनिटं झाली. दहा झाली. म्हटलं, लोकांना धक्का बसला असेल. मग लॅपटॉपने खाली मान घालून सांगितलं की ग्राहक केव्हाच डब्यावर गेलेत. मीच हलव म्हणालो होतो म्हणे. विचारलं, सगळे? म्हणाला, एक सोडून. तेवढ्यात फोन वाजला! मी झडप घातली. सौ. शेजाऱ्यांकडून बोलत होती. सगळ्यांचे फोन चालू आहेत, आपलाच कसा मेला?
माझ्या घरच्या फोनला हात लावायची हिंमत झाली नाही, असं लॅपटॉपचं म्हणणं. मोठे साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

१० एप्रिल, संध्याकाळी
सगळे गेल्यावर हॉलमध्ये जाऊन उभा राहिलो. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. आमचा आवाज बंद झालेला कुणाला कळलासुद्धा नाही.

१६ एप्रिल, बुधवार
डबा मंजूर. जुन्या यंत्रांची विल्हेवाट लावणाऱ्या समितीवर मला नेमलंय, अध्यक्ष म्हणून. लागोपाठ दोन अध्यक्षपदं काही उगाच मिळत नाहीत. घरचा फोनही आज डब्यावर गेला. लगेच ऑफिसातून सौ.ला फोन लावला. समितीचं सांगितलं, माझे पुढचे बेत सविस्तर सांगितले, लॅपटॉपची कशी जिरवणार तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, आवाज अगदी स्वच्छ येतो हो आता. इतकी वर्षं तुमचं निम्मं ऐकू यायचं नाही, तेच बरं होतं.