संकष्टीच्या आरतीत आलेलं हसू

पेण, गुरुवार, संकष्टी

उपास असून आज दुपारी रोह्याला नणंदेकडे त्या चावट सिनेमाचा दुसरा भाग पाहिला. पहिल्यात निदान गोष्ट होती. यात नुसता पाचकळपणा, गाणी तर डोळे मिटून घ्यावेत अशी. पण नवरदेवाचं धोतर सुटतं तिथे पोट धरून हसले. खोटं कशाला लिहू?

चंद्रोदयाच्या आरतीत तेच धोतर आठवलं आणि फिस्सकन हसू फुटलं.

"काय गो, हसतेस कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"बाप्पा आज हसरा दिसतोय," मी म्हटलं.

मोतीबिंदूचे डोळे बारीक करून त्या मूर्तीजवळ गेल्या. "व्हय गो! थांब, शेजारच्या काकूंना बोलावते."

काकूंनाही हसरा दिसला. दोघींनी भरल्या डोळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, पण मला धोतरच दिसत राहिलं.