तेक्ला कुणाची?

३ मार्च
एजंट ब्लांकाबाई हो म्हणाल्या! बार्सिलोनातल्या बाकी सगळ्या एजंटांनी नाकारलेलं आमचं हस्तलिखित त्या प्रकाशकांकडे नेणार. एक प्रकरण रेमेईचं, एक माझं, अशी दोघींनी मिळून लिहिलेली कादंबरी. पण अट आहे – आधी आम्ही आपसात करार करायचा. उद्या बिनसलं तर आमची नायिका, इन्स्पेक्टर तेक्ला, कुणाकडे जाणार?

रेमेई हसली. "अगं आसुम, तेक्ला काय सोफा आहे वाटून घ्यायला?" मीही हसले. घरी आल्यावर मात्र हसू येईना. तेक्ला सुचली रेमेईला, खरंय. पण तिला बोलायला शिकवलं मी!

७ मार्च
करार तसाच पडलाय. विषय काढला की रेमेई स्वयंपाकावर घसरते.

९ मार्च
ग्रासियाच्या चौकात दिसल्या – रेमेई आणि एजंटबाई. दोघीच! समोर व्हर्मुत वाइनचे ग्लास. रेमेई तावातावाने काहीतरी सांगत होती. मी चोरासारखी औषधाच्या दुकानात शिरले आणि नको असलेल्या खोकल्याच्या गोळ्या घेऊन बाहेर आले.

संध्याकाळी फोनवर सहज विचारलं, आज कुठे होतीस? "घरीच गं. डोकं दुखत होतं."

खोटारडी! माझा नुसता जळफळाट होतोय. इतकी वर्षं एका टेबलावर बसून लिहिलं, आणि हे?

१० मार्च
लिहायला बसले. एक ओळ नाही.

१२ मार्च
एजंटबाईंच्या ऑफिसात तोंड सुटलं माझं. "चौकात पाहिलंय मी तुम्हाला! मला वगळायचा घाट घातलायस ना, रेमेई? तेक्ला माझी आहे. आत्ताच्या आत्ता लिहून दे!"

रेमेई पांढरीफटक पडली. एजंटबाई बोलायला गेल्या, तर तिने हातानेच थांबवलं. "घे तेक्ला. पुस्तकही घे, माझं नाव काढून टाका त्यावरून. यापुढे तुझ्यासोबत मला एक अक्षर लिहायचं नाही." करारावर तसं लिहून सही केली, कोट उचलला, गेली.

जिंकले मी. मग रडू का येतंय?

१३ मार्च
एजंटबाईंचा फोन. "चौकात मीच तिला म्हणत होते, आसुमला सोड, तुला एकटीला घेते. केवढी भांडली माझ्याशी! दोघी, नाहीतर कुणीच नाही, म्हणाली. आणि आसुमला कळू देऊ नका, तिच्या मनाला लागेल, म्हणाली."

मग आता? मी विचारलं.

"आता तुम्ही एकट्याच आहात ना, आसुम. तुम्हाला एकटीला मी नाही घेऊ शकत."