टेबलाखालचे पाय

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज ऑपरेशन संपल्यावर टेबलाखाली वाकून पाहिलं. मी! आयुष्य भूल देण्यात गेलेली बाई वाकून पाहते, की तिथे कुणाचे पाय लोंबत तर नाहीत ना. काही नव्हतं. पुसलेली फरशी आणि टेबलाची चाकं. सिस्टर सुवर्णा विचारत होती, मॅडम, काय पडलं? म्हटलं, पेन.

झालं असं. सकाळची पहिली केस उखाभाऊ. राहणार लिंबायत, काम लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात. दिवाळीनंतर खातं सुरू झालं आणि लगेचच सुताचा बीम, तो जड रूळ, पायावर आला. नडगीचे दोन तुकडे. देसाईसर रॉड टाकणार, मी कमरेतून भूल देणार. आधी नेहमीचे प्रश्न. व्यसन? नाही. दारू, विडी, तंबाखू? नाही, नाही, नाही. औषध कसलं चालू? नाही. मग आपणहूनच म्हणाले, "कधीमधी दमनी गोयी लेस." दम्याची गोळी! अहिराणी माझ्या घरची, धुळ्याची. देसाईसरांपुढे भाव खात मीच भाषांतर केलं. छाती तपासली, साफ होती. कागदावर लिहिलं — दमा.

टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवलं, पाठ वाकवली, सुई पहिल्या फटक्यात गेली. औषध दिलं, आडवं केलं. चिमटा कळेना, पाय हलेनात. झकास. देसाईसर हात धुवायला गेले आणि उखाभाऊ अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, मन्हा पाय खाले लटकी राहिनात. वर ल्या ना."

पाय टेबलावर होते. सरळ, औषधाने पिवळे केलेले, माझ्या डोळ्यांसमोर! यात नवल काही नाही. बधिर होण्याआधी पाय जसे असतात तसेच मेंदू धरून बसतो, हे आम्हाला पाठ असतं. हसून समजावलं. पटलं नाही. खालून कुणीतरी धरून ठेवलेत म्हणाले.

पुढे आणखी वाईट. निवांत दोन तास पुरायची भूल निम्म्यातच उतरायला लागली. दुखणं कमी करायचं औषध शिरेतून दिलं — पाणी दिल्यासारखं. शेवटी पूर्ण झोपवावं लागलं. देसाईसर मास्कमधून म्हणाले, "शुं थयुं बेन, दवा जूनी छे?" सगळ्यांसमोर. फार लागलं मला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

उखाभाऊंच्या पायांत संवेदना आहे, बोटं हलतात, सगळं ठीक. पण पाहुण्याकडे बघावं तसे ते स्वतःच्या पायांकडे बघतात. "ह्या पाय मन्हा नहीत, ताई. मन्हा तठेच राही ग्यात." त्यांचे म्हणे तिथेच राहिले, टेबलाखाली.

मी रागावले. असं काही नसतं, माणसाला पाय दोनच असतात! बायको पुष्पाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. बाहेर आल्यावर ऑपरेशन थिएटरच्या दारावरून जाताना मीच पावलं झपाझप उचलली.

२० नोव्हेंबर, बुधवार

मांडी घालून जेवले, डावा पाय मेला. बराच वेळ उठायचं धाडस होईना. मूर्ख आहे मी!

२१ नोव्हेंबर, गुरुवार



उखाभाऊ बिघडत चाललेत. सारख्या जांभया, पण झोप नाही. नाकाडोळ्यांतून पाणी. वॉर्डात उकडत असताना अंगभर काटा — हातावरचा केस न केस उभा. आणि पाय! चांगला पाय आपोआप झटके मारतो, जणू कुणी खालून ओढतंय. शेजारच्या पेशंटने पलंग हलवून घेतला. पुष्पाबाईंनी पलंगाच्या पायाला काळा दोरा बांधलाय. त्या भांडत नाहीत. फक्त म्हणाल्या, पाठीला भोक पाडलं ना तुम्ही, तिथून शिरलं काहीतरी. सुवर्णा हसली, पण त्या पलंगापाशी ती एकटी जात नाही, हे मी पाहिलंय.

भर दुपारी, लख्ख उजेडात, नाडी बघायला वाकले तर उखाभाऊ माझ्या खांद्यावरून पाहत होते. "ऊनात," म्हणाले. आले. "तुमन्हा मांगे उभा शेतस." माझ्या मागे उभे आहेत म्हणे, ते पाय.

मी वळून पाहिलं. वळायला नको होतं, पण वळले.

कुणी नव्हतं. पुन्हा त्यांच्याकडे वळले तेव्हा डोळे दिसले. एवढ्या उजेडात बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या, अंधारात बसल्यासारख्या. जिना उतरायला लागले आणि मध्येच थांबले. जांभया, काटा, पाणी, बाहुल्या! परत वर पळाले. पुष्पाबाईंना विचारलं, ती दम्याची गोळी, धाप लागते तेव्हाच घेतात ना?

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. धाप कुठली? दम म्हणजे दम. दुसऱ्या पाळीलाही उभं राहायचा दम! खात्याबाहेरच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, चहाबरोबर मिळते, सगळेच घेतात, हे रोज घेतात, आता एकीने भागत नाही. व्यसन कसलं त्यात, ताई? औषधही नाही. ताकद असते ती.

अफूच्या जातीची गोळी. म्हणून माझी भूल टिकली नाही, म्हणून औषधाचं पाणी झालं. आणि मी लिहिलं — दमा. हुशार बाई!

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मनोविकारतज्ज्ञांशी बोलून औषधं सुरू केली. गोळी नाही, तिच्यावाचून होणारा त्रास कमी करणारी. मग पलंगावर बसून उखाभाऊंना त्यांच्या भाषेत सांगितलं की भूत नाही, बाधा नाही. शरीराला रोजची गोळी लागते, तिचा खाडा पडलाय, म्हणून अंग असं करतंय.

खाडा! हा शब्द लगेच पोचला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चेहरा सैल झाला. "मंग खाडा भरना पडी," म्हणाले. मला वाटलं, कामाचंच बोलताहेत. खात्यात सुट्टी झाली की जादा पाळी करून भरतात ना. मी म्हटलं, आधी हाड भरून येऊ द्या, मग खाडा भरा! पुष्पाबाईसुद्धा हसल्या.

देसाईसरांना सांगितलं, दवा जुनी नव्हती. आज मी खूश आहे, उगाच का लपवू?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

उखाभाऊ घरी गेले. झोप लागते, काटा गेला, जेवतात. गोळी आता बंद म्हणजे बंद, असं दोघांना बजावलं. दोघांनी माना हलवल्या. पलंगाचा काळा दोरा सुवर्णाने कापला, मला न विचारता.

खाली रिक्षापर्यंत मी गेले होते. त्यांनी दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून आत ठेवला, सामान ठेवावं तसा. मी चिडवलं, आता तरी तुमचेच ना? ते हसले नाहीत. "येतीन," म्हणाले. म्हणजे अजून यायचेत. रिक्षा गेली तरी मी ऊन लागेपर्यंत तिथेच उभी होते.

३० नोव्हेंबर, शनिवार

पुष्पाबाई आल्या होत्या. कपाळ मोकळं.

परवा दुपारी उखाभाऊंनी राहिलेल्या सगळ्या दिवसांच्या गोळ्या एकदम घेतल्या. ताई बोलल्यात खाडा पडला, तो भरला की मन्हा पाय परत येतीन, म्हणाले. मग झोपले. श्वास थांबला तेव्हा त्या भाकरी करत होत्या.

गोळी बंद, एवढंच मी सांगितलं होतं. गोळी सुटलेल्या शरीराला पूर्वीची रोजची मात्रासुद्धा झेपत नाही, हे नाही सांगितलं.

त्या चिडल्या नव्हत्या. माझा हात धरून हळूच विचारलं, "गल्लावर तेवढ्याज भेटन्यात. कमी पडन्यात का, ताई?"