न्हाणीसमोरचं ऊन

मार्गशीर्ष, सोमवार, संध्याकाळ

बाळंतपणाला आलेली लेक मीना नातीच्या आंघोळीसाठी गिझर घ्या म्हणते. मी म्हटलं, हिवाळ्यात ऊन फुकट असताना वीज कशाला जाळायची? आम्ही सगळी भावंडं उन्हात तापलेल्या पाण्यानंच न्हालो. माय तांब्याचं घंगाळ न्हाणीसमोर ठेवायची, वर पातळ फडकं, आणि दुपारी कोपर बुडवून पाहायची.

आज तसंच ठेवलं. नेमकी तीच फरशी, तसंच फडकं. दुपारी कोपर बुडवलं तर पाणी गार! शेजाऱ्यांच्या नव्या मजल्याची सावली सकाळपासून तिथंच होती. मला कसं दिसलं नाही? पुस्तक वाचून शेतातला सोलर पंप जोडणारा मी!

मीना हसली. "बाबा, ऊन कुठी राह्यलं आता अंगणात? आजी असती तं घंगाळ कवाच गच्चीवर नेलं असतं."

चुलीवर पाणी ठेवता ठेवता बायको माझ्याकडे पाहत तिला म्हणाली, "त्यायले पाणी नाही, आजीची जागा पाह्यजे."

उद्या गच्चीवर ठेवीन. मीनानं एकच दिवस दिलाय, नाहीतर गिझर.

पण बायकोचं बोलणं मनातून जात नाही. घंगाळावर फडकं टाकताना क्षणभर वाटलंच होतं, माय आता पदर खोचून बाहेर येईल.