खांद्याचं माप

रविवार, ता. १२

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, लावून घे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत.

तू फोनवर शिकवलंस ते ‘फॉर अ चेंज’ मला फार आवडलं बाई. रोजचं मोडून एखाद्या वेळी वेगळं केलं की म्हणायचं, हो ना? शेजारणीला म्हटलं, “फॉर अ चेंज, आज तू ऐक, मी बोलते.” ती गप्पच! मागून कळलं, रुसली होती.

तुझा बस चालवतानाचा फोटो शिवणयंत्राच्या वर लावलाय. केवढं ते चाक, आणि त्यावर माझ्या पोरीचे हात! ऑफिसातली खुर्ची सोडून एवढं धूड हाकायचं म्हणजे काळीज लागतं. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवते. ते बिचारं पँट आखूड करायला आलेलं असतं.

बाबा बरा आहे. दुकान चाललंय.

बरं, लिहितेच आता. तू नोकरी सोडलीस तेव्हापासून त्याने तुझं नाव घेतलेलं नाही. मीच दर पत्रात ‘बाबा बरा आहे’ लिहून पळ काढते. कोणी विचारलं तर म्हणतो, “बदल म्हणून चालवतेय. दमली की येईल परत.”

पण तुझा फोटो काही त्याने काढून टाकला नाही. काल कात्री हातात धरून बघत राहिला. म्हणाला, “आई, शर्ट खांद्यात उतरलाय तिचा. शिवलाय की पोतं चढवलंय?” मग खाकरला. “तिचं खांद्याचं माप असेल का गं तुझ्याकडे?”

होतं. “नाही,” म्हटलं. धडधडीत खोटं!

“आणि बदल म्हणून नाही रे चालवत ती. ते तिचं रोजचं झालं. नेहमी तीच फोन करते, तूच उचलत नाहीस. फॉर अ चेंज, तू जा. माप तूच घे.”

“चालत्या बसमध्ये?”

“शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहा. तिकीट काढून!”

आज दुकानावर पाटी लागलीय, पुढच्या मंगळवारी बंद. बसचा नंबर मी सांगितलाय.

भिंगरे, तो मागच्या बाकावर बसेल. आरशातून सारखी बघू नकोस, डोळे भरले तर लाजेल तो. तू रस्त्याकडे बघ. शेवटचा थांबा आला की इंजिन बंद कर, आणि त्याच्याकडे पाठ करून, खांदे सरळ ठेवून उभी राहा. पुढचं त्याला येतं.

तुम्हा दोघांची,
आजी